स्क्रू घट्ट, तरी लाकूड हलतंय

आजोबांची ईशापूर कारखान्याची .३१५ बोअरची रायफल वारसाने माझ्या परवान्यावर आली, तेव्हापासून एक गोष्ट खटकत होती. पुढचं लाकूड धरून हलवलं की बारीक ‘टक’ यायचा. ट्रिगर गार्डचा (घोड्याभोवतीच्या लोखंडी कडीचा) पुढचा स्क्रू तर घट्टच होता.

पहिला रविवार. मॅगझिन आणि बोल्ट काढले, चेंबरमध्ये बोट घालून खात्री केली. काडतुसं दुसऱ्या खोलीत, कुलपात. आधी पुढचं लाकूड उतरवलं. ही रायफल ली-एनफिल्ड या ब्रिटिश लष्करी रायफलीच्या जुन्या घडणीची; तिच्यात हा क्रम चुकवू नका, मंडळी. दस्त्याच्या (खांद्याला टेकणाऱ्या मागच्या लाकडाच्या) आतल्या लांब बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेलं असतं. दस्ता आधी फिरवला की पुढचं लाकूड उभं चिरतं.

दोष कॉलरपाशी सापडला. पुढच्या स्क्रूभोवती नळीसारखी लोखंडी कॉलर असते. जिंतूरकडच्या उन्हाळ्याने लाकूड आकसलं, कॉलर तेवढीच राहिली. त्यामुळे स्क्रू कॉलरवर आवळला जातो, लाकडापर्यंत दाब पोचतच नाही. बार झाल्यावर मागचा धक्का लाकडाच्या ज्या खांद्यांनी झेलायचा, तिथेही फट दिसली. तडा जातो तो इथूनच.

कॉलर घासून कमी करायची जुनी रीत आहे. मी घासली नाही. श्रावणात लाकूड फुगणार, घासलेलं लोखंड परत येत नाही. त्यापेक्षा सागाची कागदाएवढी पातळ पट्टी गार्डखाली बसवली. दाब कुठे पडतो ते पाहायला दिव्याची काजळी लोखंडाला पुसली, लाकूड चढवलं, उतरवलं, काळे ठिपके पाहिले. तीन रविवार यातच गेले. चौथ्या वेळी दोन्ही खांद्यांवर सारखा काळा डाग उमटला, तेव्हा फार बरं वाटलं.

दस्त्यावरचे पोचे ओल्या फडक्यावरून गरम इस्त्री फिरवून उठवले. तेल जवसाचंच. घाण्याचं कच्चं तेल चार दिवसांनीही चिकट होतं; रंगाच्या दुकानातलं डबल बॉइल्ड चांगलं धरलं. एकेक पातळ हात, जास्तीचं पुसून. तेलाच्या चिंध्या चुरगाळून टाकू नका, वाळताना तापून आपोआप पेटतात. मी पाण्यात बुडवतो.

बोल्ट-हेड (बोल्टचं पुढचं टोक), फायरिंग पिन (काडतुसावर आपटणारी सुई) यांना हात लावला नाही. .३१५चं काडतूस चेंबरमध्ये आपल्या मागच्या काठावर टेकतं, त्या काठाला मिळणारी जागा बोल्ट-हेडवर अवलंबून. ती तपासणी परवानाधारक कारागिराकडेच.

‘टक’ गेला. भादव्यात लाकूड फुगल्यावर पुन्हा काजळी लावून पाहीन, पट्टी ठेवायची की काढायची ते तेव्हा.