पोरांच्या अ‍ॅनिमेत आम्हा पोरींना काय एवढं सापडतं

शोनेन (पोरांसाठी म्हणून निघणारे जपानी कॉमिक आणि त्यांचे अ‍ॅनिमे, म्हणजे कार्टून सिरीज) तर मुलांसाठी असतं मग तू कशाला बघतेस, असं विचारणाऱ्याला बहुतेक दोनच उत्तरं ऐकायची असतात. एक तर मी म्हणावं की मी जरा मुलांसारखीच आहे, नाहीतर म्हणावं की त्यातली पोरं देखणी असतात. आता दुसरं खरंय, खोटं कशाला बोला, अटॅक ऑन टायटनमधला लीवाय डोक्याला फडकं, तोंडाला फडकं असं बांधून झाडलोट करतो तो सीन मी कितीदा मागे नेऊन बघितलाय ते इथे लिहिणार नाही. पण नुसतं देखणेपणच बघायचं असतं तर पोस्टरवर भागलं असतं ना, त्यासाठी शंभर शंभर एपिसोड कोण रात्र जागून काढेल.

मुळात शोनेन काय किंवा सेइनेन (मोठ्या पुरुषांसाठीचं) काय, हे मासिकांचे कप्पे आहेत. मंगा, म्हणजे जपानी कॉमिक, कुठल्या मासिकात छापून आला त्यावर शिक्का ठरतो आणि मग त्याचा अ‍ॅनिमे निघाला की तोच शिक्का त्याच्यामागे लागतो. शोनेन जंप 1968 साली सुरू झालं, मैत्री, मेहनत आणि विजय ही त्यांची ठरलेली त्रिसूत्री, आणि ही तीन नावं परत वाचा, यातलं फक्त मुलांच्याच मालकीचं काय आहे मला कोणीतरी समजावून सांगा. फ्रीरेन ही गोष्ट शोनेन संडे या तशाच नियतकालिकात येते. त्यात हजार वर्षांच्या वर जगलेली एक एल्फ बाई, जो माणूस आता मेलाय त्याला आपण नीट ओळखून घ्यायला हवं होतं या एका खंतीपायी परत प्रवासाला निघते. बस, एवढंच. आणि हे म्हणे मुलांचं.

तरी मला असं अजिबात म्हणायचं नाही की शिक्क्याला काही अर्थच नाही. फरक असतो आणि मला वाटतं आम्हाला त्या फरकाचीच मजा येते. मुलींसाठी म्हणून जे बनतं ते (शोजो मला आवडतं बरं का, भांडायला येऊ नका) बघताना डोक्यात एक मीटर चालू असतो, ही हिरॉइन माझ्यासारखी आहे का, मी अशी लाजते का, मी अशी लाजायला पाहिजे का, हिला जो आवडतो तो मला का आवडत नाहीये, म्हणजे गोष्ट बघता बघता आपण स्वतःलाच तपासत बसतो. पोरांच्या गोष्टीत मला कोणी विचारतच नाही. त्यात माझ्यासाठी जागाच राखून ठेवलेली नसते, त्यामुळे मी कुठेही जाऊन बसते, आज हिरोच्या डोक्यात, उद्या व्हिलनच्या, परवा त्या तिसऱ्या पोराच्या ज्याला पूर्ण सीझनमध्ये चार डायलॉग आहेत.

हायक्यू या शाळेच्या व्हॉलीबॉल टीमच्या गोष्टीतला त्सुकिशिमा घ्या. उंच, चष्मिस, कुजकट बोलणारा, आणि 'हा काय नुसता शाळेचा क्लब तर आहे' म्हणत जेवढ्यास तेवढं खेळणारा. का, तर त्याचा मोठा भाऊ घरी सांगायचा की मी टीमचा मुख्य खेळाडू आहे, आणि हा लहान असताना मोठ्या कौतुकाने मॅच बघायला गेला तर भाऊ कोर्टवर नव्हताच, वर प्रेक्षकांत उभा राहून टीमसाठी ओरडत होता. तेव्हाच पोराने ठरवून टाकलं की जीव तोडून काही करायचंच नाही, म्हणजे तोंडघशी पडायची वेळच येणार नाही. पुढे एका रात्री त्याचा मित्र यामागुची, जो एरवी याच्या मागे मागे फिरत असतो, तो याची कॉलर धरून याला सुनावतो. आणि मग तिसरा सीझन, जो सगळाच्या सगळा दहा एपिसोड एका मॅचवर आहे (हो, एका), त्यात हा पोरगा समोरच्या टीमच्या उशिजिमासारख्या राक्षसाच्या स्पाइकला (जोरात मारलेल्या बॉलला) नुसता हात लावत राहतो, लावत राहतो, त्याला बॉल उचलून देणाऱ्या सेटरला हळूहळू चिडवत राहतो, आणि शेवटी एक बॉल असा अडवतो की बॉल सरळ त्यांच्याच कोर्टात आदळतो. क्षणभर कोणाला काही कळतच नाही. मग हा, ज्याने आजवर आवाज चढवला नव्हता, मूठ आवळून जी काही किंचाळी फोडतो ना, मी अक्षरशः उशी फेकली होती.

मला व्हॉलीबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं तेव्हा. पण 'मी प्रयत्न केला आणि तरी हरले तर लोकांना कळेल की मी प्रयत्न केला होता' ही भीती कळत होती ना, ती काय मुलग्यांना वेगळी आणि मुलींना वेगळी मिळते? आणि हे पण बघा की यात दोन मुलगे एकमेकांशी ज्या तळमळीने बोलतात, रुसतात, एकमेकांना सोडून जातात, परत ओढून आणतात, तेवढा वेळ बाकी कुठे मिळतो मुलग्यांच्या मनाला? नारुतो या मंगाचं सगळं रहाटगाडगंच 'माझा मित्र निघून गेला, मी त्याला परत आणणार' यावर चालतं, सातशे चॅप्टर. त्याला अ‍ॅक्शन म्हणा नाहीतर काहीही म्हणा.

यात बायकांचं काय होतं ते मात्र डोक्यात जातं. नारुतोमधली साकुरा ही हुशार, चक्रावर (अंगातल्या शक्तीवर) कंट्रोल तिचा भारी, आणि तरी वर्षानुवर्षं तिचं काम काय तर मागे उभं राहून नारुतो आणि त्या मित्राची नावं घेऊन ओरडणं. लोक तिला शिव्या घालतात, मला तिची कीव येते, लिहिणाऱ्याने तिला काम दिलं नाही तर ती काय करणार. म्हणून जुजुत्सु कायसेनमधली नोबारा आली तेव्हा एवढं बरं वाटलं. तिच्याशी लढणारी, झाडूवर उडणारी मोमो तिला सांगत असते की पुरुषांना नुसतं ताकदवान असून चालतं पण बायकांना परफेक्ट असावं लागतं, आणि नोबाराचं म्हणणं असं की मला नटलेली मी पण आवडते आणि ताकदवान मी पण आवडते, तुमची रड तुमच्यापाशी. आणि हे सगळं झाल्यावर ती हातात काय घेते तर पिपाणीसारखा वाजणारा खेळण्यातला हातोडा. भाषण नाही, रडारड नाही, थेट टाळक्यात पीं.

आणि हे मुलांचं मुलांचं म्हणताना लोक सोयीस्करपणे विसरतात की हे लिहिणाऱ्या बायका पण आहेत. रुमिको ताकाहाशी 1978 पासून शोनेन संडेत पाय रोवून आहे. फुलमेटल अल्केमिस्टची हिरोमु आराकावा बाईच आहे, हिरोमु हे पुरुषी वाटणारं नाव तिने टोपणनाव म्हणून घेतलं. तिच्या गोष्टीतल्या बायका बघा, विन्री मेकॅनिक, इझुमीचं खाटकाचं दुकान, ऑलिव्हियर आर्मस्ट्राँग तर बर्फातल्या किल्ल्याची जनरल, सगळ्या कामात असतात, कोणाला उसासे टाकायला फुरसत नाही.

बघणाऱ्यांचं म्हणाल तर तेही जुनंच आहे. जपानात 1975 च्या डिसेंबरमध्ये पहिलं कॉमिकेट (फॅन लोकांनी स्वतः काढलेल्या मंगांचा बाजार) भरलं तेव्हा सातशेच्या आसपास लोक आले होते आणि त्यात शाळा-कॉलेजच्या मुलीच जास्त. ऐंशीच्या दशकात कॅप्टन त्सुबासा या फुटबॉलच्या, पक्क्या पोरांच्या मंगावर मुलींनी इतक्या डोजिन्शी (फॅननी स्वतः काढून छापलेले मंगा) काढल्या की त्याची लाटच आली, मग सेंट सेइया या मंगावर. क्लॅम्प या नावाने एकत्र मंगा काढणाऱ्या बायका पण डोजिन्शीतूनच वर आल्या. म्हणजे दिलेलं निमूट बघायचं हा प्रकारच नव्हता, यात ह्या दोघांचं नंतर काय झालं ते लिहिलेलं नाही काय, थांबा आम्ही लिहितो. मी स्वतः फॅनफिक, म्हणजे आवडत्या पात्रांच्या माझ्या गोष्टी, लिहिते (लिंक मागू नका) आणि अ‍ॅक्शनने घाईघाईत ओलांडलेल्या जागाच लिहायला सगळ्यात मजा येते.

फॅनसर्व्हिसचं, म्हणजे प्रेक्षकांना खूश करायला घुसडलेल्या अंगप्रदर्शनाचं, काय करता, हा पुढचा प्रश्न. काही करत नाही, पुढे ढकलते. चांगली मारामारी चाललीये आणि कॅमेरा मध्येच तिच्या छातीवर जाऊन बसतो तेव्हा राग येतो, तो येणारच, आणि काही सिरीज मी तेवढ्यासाठी सोडून पण दिल्यात. आवडतं म्हणून सगळंच गोड मानून घ्यायचं असं थोडंच आहे.

गंमत म्हणजे आता बनवणाऱ्यांना पण कळलंय. क्योटो अ‍ॅनिमेशन या स्टुडिओने 2013 मध्ये फ्री आणलं, पोहणारी पोरं, पाणी असं काढलंय की हात घालावासा वाटतो, आणि यावेळी कॅमेरा कोणासाठी कुठे फिरतोय हे अगदी उघड होतं. खूप जणींना जीव की प्राण आहे ते, असू दे. मला बघताना सारखं वाटत राहिलं की प्रत्येक फ्रेमनंतर कोणीतरी वळून माझ्या तोंडाकडे बघतंय, आवडलं का, आवडलं का म्हणून, आणि परत तो मीटर चालू. चार एपिसोड बघून मी ते ठेवून दिलं आणि हायक्यूचा तिसरा सीझन परत लावला, तिथे माझ्याकडे बघायला कोणालाच वेळ नसतो.