नव्वद मिलिमीटरचा गोळा

नानांनी ओसरीवर गोणपाट अंथरलं, त्यावर दोन लोखंडी गोळे ठेवले आणि म्हणाले, "शेठ, पाहुणे म्हणतात जोडीचे चाळीस हजार येतील. तुमच्या तोंडून ऐकलं की मग मी देऊन टाकतो."

मृगाला दोन-तीन दिवस राहिले होते. नानांची वस्ती भोकरदन तालुक्यात, असईच्या शिवाराला लागून. मी जालन्याचा. सराफ्यात जुन्या नाण्यांचं दुकान, आजोबांपासूनचं. हाली सिक्का, चारमिनार छापाचे रुपये, शिवराई ही माझी रोजची ओळख. पण जालना जिल्ह्यात हा धंदा करायचा म्हटलं की असई टळत नाही. वर्षातून चार-दोन वेळा कुणीतरी रुमालात बांधून शिशाच्या गोळ्या आणतोच, आणि कधीतरी तोफेचा गोळा.

पाहुणे म्हणजे पुण्याहून आलेले एक मध्यस्थ. त्यांनी कागद टाईप करूनच आणला होता: "वेलस्लीच्या तोफेचे दोन गोळे, असईची लढाई, 1803." खाली माझ्या सहीची जागा मोकळी.

23 सप्टेंबर 1803. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात दौलतराव शिंदे आणि रघुजी भोसल्यांच्या फौजेवर इंग्रज सेनापती वेलस्ली चालून आला. शिंद्यांच्या कवायती पलटणी पोलमन नावाच्या जर्मन सरदाराच्या हाताखाली होत्या, आणि तोफा शंभरावर. त्या तोफांनी इंग्रजांची अशी दाणादाण उडवली, की लढाई जिंकूनही त्यांचे मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून दीड हजारांवर गेले. 98 तोफा त्यांच्या हाती लागल्या. पुढं वॉटर्लू जिंकणारा तो हाच वेलस्ली. एका दुपारी एवढं लोखंड आणि शिसं या काळ्या मातीत पडलं, ते अजून नांगराच्या फाळाला लागतं.

मी पिशवीतून व्हर्नियर कॅलिपर, लोहचुंबक, भिंग आणि वजनकाटा काढला. पंधरा वर्षांपूर्वी मी असाच एक गोळा नुसत्या नजरेनं खरा ठरवून विकला होता. गिऱ्हाईकानं नंतर तो मोजून माझ्यासमोर ठेवला. शाळेतला गोळाफेकीचा गोळा होता, वरून गंज चढवलेला. पैसे परत केले, पण ती लाज अजून जात नाही. तेव्हापासून मोजल्याशिवाय मी तोंड उघडत नाही.

पहिला गोळा नानांच्या वडिलांना विहीर खोदताना सापडलेला. नानांना कळायला लागलं तेव्हापासून तो तुरीच्या कणगीच्या झाकणावर असायचा, झाकण दाबायला. आधी मी फक्त भोक शोधलं. काही तोफगोळे पोकळ असतात, आत दारू आणि वर बत्तीचं भोक. ती दारू शंभर-दीडशे वर्षांनीही जिवंत राहू शकते. 2008 साली अमेरिकेत त्यांच्या यादवी युद्धातला असा एक गोळा साफ करताना एक जाणकार संग्राहक जागीच गेला. म्हणून गोळ्याला भोक किंवा बुजवलेली खूण दिसली, की मी त्याला हात लावत नाही, लोकांना लांब करतो आणि पोलिसांना कळवतो. इथं तसं काही नव्हतं.

व्यास भरला 88 मिलिमीटर. वजन 2 किलो 540 ग्रॅम. सहा पौंडी तोफेचा गोळा साधारण एवढाच असतो. नवा असताना वजन 2 किलो 700 च्या आसपास, आणि दोनशे वर्षांच्या गंजानं थोडं खाल्लं तर उरतं तेवढंच उरलेलं. पोकळ असता तर काटा कितीतरी खाली थांबला असता. मधोमध साच्याची पुसट रेघ होती, एका जागी ओतकामाची खूण. गंज खोल, खड्ड्याखड्ड्यांचा, मातीनं वर्षानुवर्षं चावलेला.

दुसरा उचलला आणि हाताला आधीच कळलं. तरी मोजला. बरोबर 90 मिलिमीटर. वजन 2 किलो 980 ग्रॅम. आकार जवळपास तोच आणि वजन साडेचारशे ग्रॅम जास्त. त्या काळचं ओतीव लोखंड घनसेंटीमीटरला सात-सव्वासात ग्रॅम भरतं, आजचं पोलाद पावणेआठच्या वर. हा पोलादाचा होता. सिमेंटच्या कारखान्यांत आणि खाणींवर दगड दळायला मोठी फिरती पिंपं असतात, त्यांत टाकायचे गोळे 90 मिलिमीटरचे सर्रास मिळतात. रेघ नाही, ओतकामाची खूण नाही, गंज सगळीकडं सारखा पातळ, मिठाच्या पाण्यात बुडवल्यासारखा.

"नाना, हा कुठं सापडला?"

नाना गप्प झाले. मग वहिनीच आतून म्हणाल्या, "सापडला कुठला? विकत घेतला. सहा हजाराला."

जोडी असली तरच गिऱ्हाईक घेतं, असं पाहुण्यांनी सांगितलं होतं, आणि बाजारात एका माणसाकडं असा गोळा आहे हेही त्यांनीच सांगितलं होतं. त्यांना तो दळणाचा गोळा आहे हे ठाऊक होतं की नव्हतं, हे मी छातीठोक सांगणार नाही. मी दोन्ही आकडे कागदावर मांडून त्यांच्यापुढं सरकवले. त्यांनी ते वाचले, "आमचं गिऱ्हाईक एवढं बघत नाही" म्हणाले, आणि चहा न घेता निघाले. टाईप केलेला कागद मात्र आठवणीनं घेऊन गेले.

सहा हजार म्हणजे नानांचं यंदाचं बियाणं होतं. मला त्या माणसाचा इतका संताप आला की पाच मिनिटं मी काही बोललोच नाही.

मग नानांनी खरा प्रश्न विचारला. "बरं, आमच्या बाच्या गोळ्याचं काय येईल?"

इथं पारख करणाऱ्यानं पूर्ण बोललं पाहिजे, अर्धं नाही. मी सांगितलं, मला हा विकत घेता येत नाही आणि तुम्हालाही असा परस्पर विकता येत नाही. जमिनीत सापडलेल्या वस्तूसाठी 1878 चा कायदा आहे, तो अजून लागू आहे. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. वर 1972 चा पुरावस्तूंचा कायदा. शंभर वर्षांवरच्या ऐतिहासिक वस्तूंचा व्यापार करायचा तर परवाना लागतो, आणि देशाबाहेर तर त्या नेताच येत नाहीत.

"सरकारनं घेतला तर काय देतं?"

तेही सांगितलं. त्या जुन्या कायद्यात भाव धातूचा आहे, अधिक त्याचा एक पंचमांश. भंगारात लोखंड तीस रुपये किलो धरलं तर शहात्तर रुपये, वर पंधरा. एक्क्याण्णव रुपये.

नाना बराच वेळ गोळ्याकडं बघत राहिले. "म्हणजे सरकारचा भाव एक्क्याण्णव आणि पाहुण्यांचा चाळीस हजार. खरा कुठला म्हणायचा?"

दोन्ही नाही, असं मी म्हणालो, आणि ते मनापासून म्हणालो. रीतसर कागद झालेला आणि सापडल्याची जागा पक्की असलेला असा एक गोळा माझ्या अंदाजानं चार-पाच हजारांचा. तोच गोळा कुठून आला ते माहीत नसेल तर हजारालाही मी कचरेन. आणि वेलस्लीच्या तोफेचा असं लिहून मागाल तर मी कधीच लिहिणार नाही. सहा पौंडी तोफा इंग्रजांकडं होत्या आणि तशाच मापाच्या युरोपी पद्धतीच्या तोफा शिंद्यांकडंही होत्या. गोळ्यावर मालकाचं नाव नसतं. तो शिंद्यांच्या गोलंदाजाचा असेल तर मला उलट जास्त आनंद होईल, कारण ती माणसं तोफेजवळून हलली नाहीत, तिथंच मेली.

हे ऐकून वहिनींनी आतून तंबाखूचा एक डबा आणला. आत शिशाच्या अकरा गोळ्या. त्या विकायच्या आहेत हे पाहुण्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, वहिनींनी सांगू दिलं नव्हतं. वर पांढरट थर, चुंबकाला चिकटत नाहीत. सात अखंड, साडेसतरा मिलिमीटरच्या, एकेक एकतीस ग्रॅमच्या आसपास. इंग्रजी मस्केट बंदुकीची गोळी अशीच असते, पौंडभर शिशात चौदा-साडेचौदा होतात. चार चपट्या झालेल्या.

"ह्या चार फुटलेल्या, ह्यांचं काही येत नसेल," वहिनी म्हणाल्या.

मी त्या चारच हातात घेतल्या. अखंड गोळी म्हणजे बंदूक भरताना घाईत कुणाच्या तरी हातातून सुटलेली, म्हणजे तिथं शिपाई उभे होते. चपटी म्हणजे झाडलेली, कशावर तरी आदळलेली. 1984 साली अमेरिकेत लिटल बिगहॉर्नच्या रणांगणावर संशोधकांनी अशीच एकेक गोळी जागेवर मांडून सगळी लढाई पुन्हा उभी केली होती. असईच्या गोळ्या मात्र रुमालात बांधून माझ्याकडं येतात, सगळ्या एकत्र, आणि कुठली कुठं पडली होती हे मला कधीच कळत नाही.

"वहिनी, ह्या कुणाला सापडल्या?"

"मलाच की. निंदताना, खुरपणीत. पहिल्या पावसानं धुऊन निघाल्या की पांढऱ्या दिसतात."

"कुठं कुठं, आठवतं?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की हे काय विचारणं झालं. डबा उचलला, चपला घातल्या आणि बांधाकडं चालू लागल्या. मी वही घेऊन मागं. नाना गोळा काखेत मारून मागून आले.

"ही बाभळीखाली. ह्या दोन पाटाच्या कडेला, एकाच दिवशी. ह्या दोन तिकडं, जुन्या विहिरीच्या अलीकडं." चारही चपट्या गोळ्या त्यांनी एकाच पट्ट्यात दाखवल्या, नदीकडच्या उतारावर, वीस-पंचवीस पावलांत. अकरापैकी नऊ जागा त्यांनी न अडखळता सांगितल्या. दोन आठवेनात, तर त्या तशाच सोडल्या, अंदाजानं सांगितल्या नाहीत. मी मोबाईलवर प्रत्येक जागेचे आकडे घेतले, वहीत शेताचा नकाशा काढला, प्रत्येक गोळीला कागदाची पुडी केली आणि नंबर घातला. विहिरीपाशी नानांनी पायानं खूण केली. गोळा इथं निघाला, तेव्हा पाणी चौदा हातांवर होतं.

संध्याकाळी ओसरीवर जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज लिहिला. सापडलेल्या वस्तू, वजन, माप, जागा, सोबत नकाशा. सापडणाऱ्याच्या नावाच्या रकान्यात मी नानांचं नाव लिहू लागलो, तर त्यांनी माझा हात धरला.

"गोळ्या तिच्या नावावर लिहा," ते म्हणाले.