झाकणाच्या बार्बेक्यूबरोबरचे एक वर्ष

गेल्या दिवाळीनंतर आम्ही साताऱ्यातील घराच्या अंगणात कोळशावरचा, झाकण असलेला गोल बार्बेक्यू आणला. वर्षभर त्यावर कोंबडी, मटण आणि मासे भाजल्यानंतर माझे मत झाले आहे की, ज्याला झाकण लावून भाजायचे नसेल त्याने हे भांडे घेऊ नये. त्याला जाळी ठेवलेली साधी शेगडी पुरते.

1952 साली शिकागो परिसरातील वेबर ब्रदर्स मेटल वर्क्स या कारखान्यात काम करणारे जॉर्ज स्टीफन यांनी बोयाच्या, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या पोकळ खुणेच्या, अर्धगोलांपासून हा आकार घडवला. उघड्या शेगडीवर वाऱ्याचा काय त्रास होतो, हे अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना सांगायला नको. संध्याकाळी वारा सुटला की निखारे भडकतात, राख मांसावर बसते आणि एक बाजू करपून दुसरी कच्ची राहते. झाकण लावले की हा सगळा प्रश्न मिटतो, कारण मग निखाऱ्यांना हवा फक्त तळाच्या झडपेतून मिळते आणि ती वरच्या झडपेतून बाहेर पडते. झडप अर्धी मिटली की आच उतरते. आत काय चालले आहे हे पाहण्यासाठी वारंवार झाकण उघडले, तर मांसाभोवतीची उष्णता निघून जाते आणि मोकळी हवा मिळाल्याने कोळसा मात्र अधिकच पेटतो. हे माझ्या ध्यानात यायला दोन कोंबड्या खर्ची पडल्या.

कोंबडीसाठी याला तोड नाही. निखारे दोन कडांना सारून, मध्ये पाण्याची ताटली ठेवून, वर आले-लसूण, हळद आणि दही लावलेली सव्वा किलोची अख्खी कोंबडी ठेवली, तर साधारण सव्वा तासात ती आतपर्यंत शिजते आणि कातडी कुरकुरीत होते. मांडीच्या जाड भागात, हाडाला न टेकवता, तापमापक खुपसून 74 अंश सेल्सिअस दिसल्याशिवाय मी ती उतरवत नाही. निखाऱ्यांच्या धुराचा जो वास मांसाला लागतो, तो गॅसवर येत नाही.

बोकडाच्या मटणाबाबत मी तितका उत्साही नाही. आपल्याकडचे मटण कमी चरबीचे आणि चिवट असते, त्याला ओलसर आच आणि वेळ लागतो. कच्ची पपई व दही लावून रात्रभर ठेवलेली रान, म्हणजे बोकडाची अख्खी तंगडी, मी अडीच तास भाजली. शेवटचा एक तास ती फॉइलमध्ये गुंडाळली तेव्हा कुठे ती मऊ झाली. "आणि रस्सा कशाचा करायचा?" हा आईचा प्रश्न मला पूर्णपणे रास्त वाटतो. जत्रेला येणाऱ्या पाहुण्यांची पंगत या भांड्यावर उठत नाही, तिथे चुलीवरचे पातेलेच हवे.

दुसरी उणीव हंगामाची आहे. आखाडात घरोघरी मटण शिजते, नेमके तेव्हाच साताऱ्याच्या पावसाने अंगणातला बार्बेक्यू ताडपत्रीखाली जातो. ओल राहिली तर जाळी गंजते, म्हणून मी तिला तेलाचा हात फिरवून घरात ठेवतो.

कोळसा निवडताना घाई करू नये. एका दुकानातून घेतलेल्या पोत्यात निम्मा चुरा निघाला आणि हवा अडल्यामुळे आग धड धरलीच नाही. रॉकेल ओतू नये, त्याचा वास मांसात उतरतो. पत्र्याच्या नळकांड्यात खाली वर्तमानपत्र आणि वर कोळसा भरला, तर वीस-पंचवीस मिनिटांत निखाऱ्यांवर पांढरी राख धरते. काम झाल्यावर दोन्ही झडपा बंद केल्या की आग विझते आणि उरलेला कोळसा पुढच्या वेळी कामी येतो, ही बचत मला विशेष आवडते.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्या मित्रांना मात्र मी स्पष्ट नकार देतो. जळत्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि बंद गॅलरीत तो जीव घेऊ शकतो. विझल्यासारखी दिसणारी राखही आत तासन् तास धगधगत असते. ती मी दुसऱ्या दिवशी दुपारी, पत्र्याच्या डब्यातच काढतो.