मोडेमवरचा छप्पनचा आकडा

एओएल या अमेरिकी कंपनीने ३० सप्टेंबर २०२५ रोजी आपली डायल-अप, म्हणजे टेलिफोनवरून नंबर फिरवून इंटरनेटला जोडण्याची, सेवा बंद केली, तेव्हा अनेकांना ती इतकी वर्षे चालू होती याचेच नवल वाटले. मला वाटले नाही. गावाबाहेरच्या, लांबच लांब तारेच्या टोकाला असलेल्या घरात राहून मी कित्येक वर्षे याच मार्गाने इंटरनेट वापरले आहे आणि पर्याय नसला की माणूस आहे त्या वेगाशी कसे जमवून घेतो, हे मला ठाऊक आहे.

टेलिफोनच्या तारेवरून संगणकाची माहिती ने-आण करणाऱ्या मोडेम या उपकरणाच्या खोक्यावर सेकंदाला ५६ किलोबिट असे ठळक छापलेले असे. प्रत्यक्षात जोडणी झाल्यावर पडद्यावर २६.४ किंवा २८.८ हा आकडा उमटे आणि ३१.२ दिसला तर तो चांगला दिवस समजायचा. यात दोष ना मोडेमचा होता ना सेवा पुरवणाऱ्यांचा. टेलिफोनची लाइन मुळात माणसाच्या आवाजासाठी, म्हणजे साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यासाठी आखलेली होती आणि त्या अरुंद पट्ट्यातून दोन्ही बाजूंनी अॅनालॉग पद्धतीने, म्हणजे आवाजासारख्या सलग लहरींच्या रूपात, माहिती पाठवताना ३३.६ किलोबिटच्या पलीकडे जाणे जमलेले नव्हते. १९९८ साली आलेल्या व्ही.९० या मोडेमच्या मानकाने छप्पनचा पल्ला गाठला, पण त्याची एक अट होती: सेवा पुरवठादारापासून टेलिफोन एक्स्चेंजपर्यंतचा सगळा मार्ग डिजिटल हवा आणि अॅनालॉग रूपांतर फक्त एकदाच, तुमच्या घराकडे येणाऱ्या शेवटच्या तारेपाशी व्हायला हवे. ग्रामीण भागात तारांची टंचाई असल्यामुळे एकाच जोडीवर दोन ग्राहक बसवणारी उपकरणे लावलेली असत. ती सिग्नलचे आणखी एकदा रूपांतर करत आणि व्ही.९०चा तिथेच निकाल लागे. त्यातून लाइन अनेक किलोमीटर लांब असेल, तर बोलणे स्पष्ट ऐकू यावे म्हणून तिच्यात ठिकठिकाणी घातलेली वेटोळी वरच्या कंपनसंख्या गिळून टाकत. जोडांत शिरलेली ओल आणि तारेला समांतर गेलेल्या विजेच्या वाहिनीची घरघर यांचा उपद्रव वेगळाच.

त्यामुळे मोठ्या आकड्याच्या मागे धावण्यात अर्थ नाही, लाइन टिकणे महत्त्वाचे, या मताला मी लवकरच आलो. खरखर असलेल्या तारेवर मोडेम उत्साहाने ३१.२ला जोडला जातो, थोड्याच वेळात चुका वाढतात, मग दोन्हीकडचे मोडेम पुन्हा वाटाघाटी करू लागतात आणि तेवढा वेळ एक अक्षरही पुढे सरकत नाही. त्यापेक्षा एटी आज्ञावलीतून, म्हणजे संगणकावरून मोडेमला दिल्या जाणाऱ्या आज्ञांतून, त्याला कमाल वेग ठरवून द्यावा आणि २४ किंवा २६.४वर निवांत चालू द्यावे. तासाभराचा हिशेब केला, तर माहिती यातच जास्त येते. मोडेममधल्या एस-१० या बदलता येणाऱ्या नोंदीचा उपयोगही फार कमी लोकांना माहीत होता. समोरचा सिग्नल हरवल्यावर किती वेळ थांबून फोन ठेवायचा, हे ती ठरवते. तिचे माप सेकंदाच्या दहाव्या भागात असते आणि बहुतेक मोडेमवर ती मुळात १४ला, म्हणजे दीड सेकंदालाही कमी वेळाला लावलेली असे. ती ५० केल्यावर लाइनवरचा एखादा क्षणिक खंड जोडणी न तोडता निभावून जाई. घरातील तारकामाची बाजूही हीच: बाहेरून तार जिथे आत येते तिथेच मोडेम जोडावा, समांतर फोन काढून टाकावेत आणि कॉल वेटिंग बंद ठेवावे, कारण त्याची एक टिकटिक संपूर्ण जोडणी मोडायला पुरेशी असते.

मोडेमचा कर्कश आवाज बंद करण्याची सोय होती, पण मी तो कधीच बंद केला नाही. तो ऐकून लाइनची आजची प्रकृती कळत असे. सुरुवातीचा २१०० हर्ट्झचा सूर स्वच्छ आला आणि पुढची खसखस लवकर आटोपली, की काम होणार. तीच खसखस रेंगाळली, तर फोन ठेवून पुन्हा लावणे शहाणपणाचे.

२८.८ किलोबिट म्हणजे सेकंदाला फार तर साडेतीन किलोबाइट आणि एका मेगाबाइटला जवळजवळ पाच मिनिटे. हा हिशेब डोक्यात पक्का बसला, की इंटरनेटवर ‘असणे’ आणि इंटरनेटवरचे काम करणे या दोन गोष्टी आपोआप वेगळ्या होतात. पत्रे उतरवून घ्यायची, फोन ठेवायचा, सावकाश उत्तरे लिहायची आणि पुढच्या जोडणीत सगळी एकदम रवाना करायची. ईमेलला जोडलेली फाइल वाटेत सुमारे एक तृतीयांशाने फुगते, म्हणून ठरावीक आकारापुढच्या पत्रांचे फक्त मथळे मागवावेत. ब्राउझरमधील चित्रे बंद ठेवून हवी ती पाने वेगवेगळ्या खिडक्यांत उघडायची आणि जोडणी तोडून वाचायची. निव्वळ मजकूर दाखवणारा लिंक्ससारखा ब्राउझर वापरला, तर पानाचा कितीतरी भाग मुळात अनावश्यक होता हेही लक्षात येते.

मजकूर आवळून पाठवण्याची सोय मोडेममध्येच होती आणि साध्या पानांना तिचा चांगला फायदा होई. झिप किंवा जेपेग फाइली आधीच आवळलेल्या असल्याने त्यांना मात्र काहीच लाभ नसे. सेवा अनेक पटींनी वेगवान करण्याचे जे दावे केले जात, त्यांतील बराचसा भाग चित्रांचा दर्जा उतरवून ती लहान करण्याचा होता. पुढे संकेतस्थळांशी होणारी देवाणघेवाण कूटबद्ध करणारे एचटीटीपीएस सर्वत्र आले आणि ही युक्तीही संपली, कारण कूटबद्ध मजकूर वाटेत आवळता येत नाही आणि पुरवठादाराला त्याची प्रत साठवून अनेकांना देताही येत नाही. सुरक्षिततेच्या दृष्टीने ते योग्यच झाले. पण त्याची किंमत मंद लाइनवाल्यांनी जास्त मोजली, याची दखल कोणी फारशी घेतली नाही.

मोठ्या फाइलींसाठी तुटलेल्या जागेपासून पुढे उतरवणारे साधन अत्यावश्यक. डब्ल्यूगेट या फाइली उतरवणाऱ्या प्रोग्रॅमला ‘सी’ हा पर्याय दिला की ते काम होते, मात्र सर्व्हरने अर्धवट भाग देण्याची तयारी ठेवलेली असावी लागते. तरीही काही फाइली तारेवरून आणण्याच्या नसतातच. विंडोज एक्सपीचा २००४ सालचा दुसरा सर्व्हिस पॅक, म्हणजे सुधारणांचा संच, पूर्ण स्वरूपात सुमारे २६६ मेगाबाइटांचा होता, म्हणजे २८.८वर अखंड एकवीस तासांहून अधिक. तो सीडीवरूनच घेतलेला बरा. असल्या सुधारणा आपोआप उतरवण्याची सोय प्रत्येक प्रोग्रॅममध्ये शोधून बंद करणे हे नव्या संगणकावरचे माझे पहिले काम असे, कारण ती चालू राहिली तर साधे पत्र यायलाही रांगेत थांबावे लागे.