आयलंडमधला मुका एस

नागपुरातल्या महाल भागातील आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी आठवी ते दहावीच्या मराठी माध्यमाच्या मुलांची इंग्रजीची शिकवणी घेते. पालक मुलाला घेऊन येतात, तेव्हा ‘इंग्रजीत याचे मनच लागत नाही’ हीच बहुतेकांची तक्रार असते. या मुलांना इंग्रजीचे महत्त्व कळत नाही, असे मात्र मला कधी आढळले नाही. शहरालगतच्या मिहान या उद्योगक्षेत्रातल्या कंपनीत नोकरी हवी तर इंग्रजी बोलता यायला हवे, हे नववीतल्या मुलाला वेगळे सांगावे लागत नाही. राज्यात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जात असल्यामुळे माझ्याकडे येईपर्यंत या भाषेसोबत त्यांची सात-आठ वर्षे गेलेली असतात. शिकण्याची इच्छा घेऊनच ती शाळेत जातात. ती विझते वर्गात.

गेल्या वर्षी आलेला नववीतला एक मुलगा निबंध घोटून पाठ करी, पण मोठ्याने वाचायला सांगितले की मान खाली घाली. बऱ्याच दिवसांनी त्याने कारण सांगितले. शाळेत धडा वाचताना त्याने ‘आयलंड’ (island, म्हणजे बेट) हा शब्द, जसा लिहिला आहे तसा, ‘इसलँड’ असा वाचला होता. वर्ग हसला, शिक्षकही हसले, आणि त्या दिवसापासून मुले त्याला त्याच नावाने हाक मारू लागली.

हंगेरीचे भाषातज्ज्ञ झोल्तान डोर्न्येई यांनी १९९८ मध्ये बुडापेस्टच्या शाळांतील, परकी भाषा शिकण्यातून मन उडालेल्या ५० विद्यार्थ्यांच्या मुलाखती मांडल्या होत्या. मन उडण्याच्या कारणांत सर्वांत वरचे कारण शिक्षक हेच निघाले, आणि खचलेला आत्मविश्वासही त्या कारणांत होता. शिक्षिका म्हणून हे स्वीकारणे मला जड गेले. तरी त्या मुलाचे ऐकल्यावर ते नाकारता आले नाही.

त्याला मी त्या शब्दाचा इतिहास सांगितला. जुन्या इंग्रजीत या शब्दात एस नव्हताच. ‘आइल’ (isle) हा बेटासाठीचाच, पण फ्रेंचमार्गे आलेला, मूळ लॅटिन ‘इन्सुला’पासूनचा वेगळा शब्द. या दोहोंचे मूळ एकच असावे, अशा समजुतीने तो एस पुढे लिहिण्यात घुसला आणि उच्चारात कधी आलाच नाही. म्हणजे चूक लिहिणाऱ्यांची होती आणि हसू मात्र वाचणाऱ्याचे झाले. मुलगा बराच वेळ त्या शब्दाकडे पाहत राहिला.

तेव्हापासून चूक दुरुस्त करण्याआधी ती कुठून आली, हे मी मुलांसमोर उलगडते. ‘अ’ आणि ‘द’ ही इंग्रजी उपपदे गाळणाऱ्या मुलीला आळशी म्हणण्यात काय अर्थ आहे? मराठीत ‘पुस्तक आण’ एवढे म्हटले की भागते. कोणतेही एक की आधी बोललेले तेच, हे प्रसंगावरून कळते. इंग्रजीला ते प्रत्येक वेळी शब्दाने सांगावे लागते. हे समजल्यावर तिच्या चुका लगेच थांबल्या नाहीत, पण वही लपवणे थांबले.

तो मुलगा आता दहावीत आहे. परवा तो बर्डीवरच्या एका दुकानाचे बिल घेऊन आला आणि वर छापलेल्या ‘रिसीट’ या शब्दातल्या पीवर बोट ठेवून त्याने विचारले, ‘मॅडम, हाही लॅटिनवरूनच घुसवला असेल ना?’ त्याचा तर्क बरोबर होता. मग तो शब्द त्याने सर्वांसमोर मोठ्याने वाचून दाखवला.