आमची वाटचाल : बारमागच्या पाळीपासून स्वतःच्या डायरीपर्यंत

नऊ वर्षे हॉटेलच्या बारमागे उभे राहिल्यावर माझ्या आणि माझ्या भागीदाराच्या लक्षात आले की आमचे कौशल्य हॉटेलला रोज हवे असले, तरी आमचा संपूर्ण दिवस त्याला नको होता. दहा तासांच्या पाळीत खरी झुंबड उडत असे ती जेमतेम तीन तास. उरलेला वेळ ग्लास पुसण्यात, लिंबे कापण्यात आणि साठ्याच्या नोंदी करण्यात जाई. पगार मात्र सगळ्या पाळीचा मिळून एकच होता आणि घरच्या प्रत्येक कार्याच्या दिवशी आम्ही नेमके दुसऱ्यांच्या पाहुण्यांना ग्लास भरून देत असू. ते तीन तास ज्याला हवे आहेत त्याला तेवढेच विकता येतील का, या प्रश्नातून आमचा व्यवसाय उभा राहिला.

पहिली कामे मिळाली ती घरगुती समारंभांची. त्यासाठी आम्ही ठरवलेली पद्धत आजही बदललेली नाही : मद्य यजमानाने विकत घ्यायचे आणि आम्ही हत्यारे, माणसे व हिशेब घेऊन जायचे. मद्याची विक्री करायची म्हटले की परवाना लागतो आणि त्याचे नियम जागोजागी वेगळे असतात. सेवा तेवढी विकणाऱ्या छोट्या व्यावसायिकाने त्या भानगडीत न पडलेले बरे. तरीही समारंभासाठी जी काही परवानगी आवश्यक असेल तिचा कागद पाहिल्याशिवाय आम्ही तारीख पक्की करत नाही. यावरून दोन-तीन गिऱ्हाईके नाराज होऊन गेली, त्याचे आम्हांला फारसे दुःख नाही.

हिशेब हा शब्द मी मुद्दाम वापरला, कारण तो आम्ही चुका करूनच शिकलो. आमच्या पहिल्या मोठ्या कामाला १२० पाहुणे होते, जागा उघडी होती आणि दुपारचे ऊन होते. मी ६० किलो बर्फ मागवला आणि तो भरपूर होईल असे यजमानांना छातीठोकपणे सांगितले. दीड तासात पेटीच्या तळाशी नुसते पाणी उरले. ग्लासात किती बर्फ जातो एवढाच विचार मी केला होता; पण सोडा, टॉनिक आणि बाटल्या थंड ठेवायला त्याहून अधिक बर्फ लागतो, आणि उन्हात वितळून जातो तो वेगळाच. भागीदार गाडी घेऊन बर्फ शोधायला गेला आणि तो परतेपर्यंतची चाळीस मिनिटे मी कोमट पेयांसाठी प्रत्येकाची क्षमा मागत उभा होतो. तेव्हापासून बंदिस्त जागेत माणशी एक किलो आणि उघड्यावर, उन्हात माणशी दीड किलो बर्फ हा आमचा नियम आहे. ग्लासात घालायचा बर्फ आणि बाटल्या थंड करायचा बर्फ यांच्या पेट्याही आम्ही कायम वेगळ्या ठेवतो.

त्या दिवसानंतर आम्ही जे काम पाहुणे येण्यापूर्वी उरकता येईल ते आधीच उरकू लागलो आणि आमच्या कमाईचे गणित तेथे बदलले. उदाहरणादाखल नेग्रोनी हे कॉकटेल घ्या. त्यात जिन, कँपारी आणि गोड व्हर्मूथ प्रत्येकी ३० मिली पडते. म्हणजे शंभर ग्लासांना प्रत्येकी तीन लिटर, अर्थात ७५० मिलीच्या चार-चार बाटल्या. हे पेय बर्फावर ढवळताना साधारण पाचव्या ते चौथ्या हिश्शाइतके पाणी त्यात उतरते आणि त्या पाण्यानेच त्याची धार कमी होते. म्हणून आम्ही नऊ लिटर मिश्रणात सुमारे दोन लिटर पाणी आधीच घालतो, बाटल्यांत भरून ते फ्रीजरमध्ये ठेवतो आणि समारंभात प्रत्येक ग्लासात ११० मिली ओततो. ग्लासागणिक एक मिनिट धरले तर शंभर ग्लासांना जवळजवळ पावणेदोन तास लागले असते; बाटलीतून ओतायला दहा सेकंद पुरतात. लिंबाचा रस असलेल्या पेयांना मात्र ही युक्ती जशीच्या तशी लागू पडत नाही. रस काही तासांतच आपली चव बदलतो, त्यामुळे तो त्याच दिवशी काढावा लागतो आणि शेकर, म्हणजे पेय बर्फाबरोबर मिसळायचे झाकणाचे भांडे, हलवावाच लागतो. साध्या पेयांसाठी पन्नास पाहुण्यांमागे एक बारटेंडर आम्ही पुरेसा मानतो. शेकरची पेये असतील तर तीस-पस्तीस पाहुण्यांमागे एक.

पैशांच्या बाबतीतही शहाणपण उशिराच आले. समारंभांची व्यवस्था करणाऱ्या एका संस्थेने आमच्याकडून सलग पाच कामे करून घेतली आणि रक्कम चार महिने अडकवून ठेवली. हाताखालच्या मुलांचे पैसे आम्ही खिशातून दिले. त्यानंतर निम्मी रक्कम आगाऊ आणि उरलेली समारंभाच्या दिवशी बार उघडण्यापूर्वी, असे आम्ही लेखी ठरवून टाकले. बक्षिसी हिशेबात धरायची नाही, हेही त्यातच आले. मिळाली तर ती काम करणाऱ्यांत सारखी वाटली जाते.

मार्च २०२० मध्ये समारंभ एकाएकी थांबले आणि कामांच्या तारखा लिहायची आमची डायरी कोरी झाली. तेव्हा नाइलाजाने सुरू केलेले ऑनलाइन वर्ग आज आमच्या कामाचा मोठा भाग आहेत. हौशी लोकांचा वर्ग दोन तासांचा असतो. व्यवसायात येऊ इच्छिणाऱ्यांना मात्र आम्ही पहिले काही दिवस मद्याला हात लावू देत नाही. बाटलीत पाणी भरून मनातल्या मनात आकडे मोजत ३० मिली ओतायचे आणि जिगरने, म्हणजे मापाच्या छोट्या कपाने, तपासायचे, हे शंभर-शंभर वेळा करून घेतो. प्रमाणांसाठी आम्ही इंटरनॅशनल बारटेंडर्स असोसिएशनची अधिकृत यादी वापरतो. ही संघटना १९५१ मध्ये इंग्लंडमधील टॉर्की येथे स्थापन झाली आणि तिची प्रमाणे ठाऊक असलेला माणूस अनोळखी बारमध्येही एका रात्रीपुरता निभावून नेऊ शकतो. एका पाळीसाठी बदली बारटेंडर पाठवण्याचे आमचे काम त्याच बळावर चालते.

सध्या सर्वांत स्थिर उत्पन्न ज्या कामातून मिळते ते पाहायला कोणी थांबणार नाही असे आहे. छोट्या बारमध्ये माल नेमका कोठे गळतो हे मालकाला कळत नाही, म्हणून महिन्यातून दोनदा आम्ही वजनकाटा घेऊन त्यांच्याकडे जातो. ४० टक्के अल्कोहोल असलेल्या मद्याचे ३० मिली सुमारे साडेअठ्ठावीस ग्रॅम भरते; तेव्हा रिकाम्या बाटलीचे वजन माहीत असले की अर्धवट बाटलीत किती पेग उरले ते डोळ्यांच्या अंदाजापेक्षा कितीतरी नेमके सांगता येते. साखर असलेली लिकर जड असतात, त्यांचा तक्ता वेगळा ठेवावा लागतो. विकलेले पेग आणि संपलेले मद्य यांत फरक आढळला की मालकाला आधी चोरीचा संशय येतो. आमच्या अनुभवात बहुतेक वेळा जिगर न वापरता सैल हाताने ओतणे हेच त्याचे कारण निघते.

आज आमच्याबरोबर सात जण काम करतात आणि त्यांपैकी पूर्णवेळ कोणीच नाही. एक विद्यार्थी आहे, तो परीक्षेच्या महिन्यात डायरीत नावच लिहीत नाही. एका ताईंची मुलगी लहान आहे; त्या रात्रीची कामे घेत नाहीत, पण साखरेचे पाक, रस, सजावटीच्या साली ही सकाळची सगळी तयारी त्यांच्या हाती असते आणि त्यांना मिळणारा मोबदला बारमागे उभ्या राहणाऱ्यांच्या बरोबरीचा असतो. सुरुवातीला यावरून कुरबूर झाली. मग कुरबूर करणाऱ्यांना एका सकाळी ताईंबरोबर दोनशे लिंबे पिळायला बसवले आणि तो विषय पुन्हा निघाला नाही.

ज्याला जमेल त्याने महिन्याच्या २५ तारखेपर्यंत पुढच्या महिन्याचे दिवस डायरीत लिहायचे आणि लिहिलेला दिवस पाळायचा, एवढीच आमची अट आहे. डायरीत नाव घालण्यापूर्वी नव्या माणसाला महिनाभर तो वजनकाटा घेऊन फिरावे लागते. शेकर त्याच्या हातात त्यानंतर पडतो.