कातानियातली आगाता

मिठाईच्या दुकानात काचेमागे मांडलेले ते गोळे पाहून मी आधी नजरच वळवली. पांढऱ्याशुभ्र पाकाचा घुमट, टोकाला एक लाल चेरी. नाव 'मिन्ने दी सांत'आगाता', म्हणजे संत आगाताचे स्तन. शेजारी एक आजी नातीसाठी दोन बांधून घेत होत्या, अगदी आपण पेढे घेतो तसे.

इटलीच्या सिसिली बेटावरचं कातानिया शहर एटना ज्वालामुखीच्या पायथ्याशी आहे. आगाता इथलीच मानतात. तिनं स्वतःला ख्रिस्ताला वाहून घेतलं होतं. रोमन अधिकारी क्विंतियानुसला ती हवी होती. नकार ऐकून त्यानं तिला कुंटणखान्यात ठेवलं, तरी ती बधली नाही. मग चिमट्यांनी तिचे स्तन तोडले. तेव्हा ती त्याला म्हणाली म्हणतात, ज्यावर आईनं तुला वाढवलं, ते कापताना लाज नाही वाटली? रात्री तुरुंगात संत पीटरनं येऊन जखमा भरल्या, पुढे तिला निखाऱ्यांवर लोळवलं. तिच्या मृत्यूचं साल सांगतात 251, सम्राट देचियुसचा काळ. ही कथा लिहिली गेली खूप नंतर, त्यामुळे चमत्कार ज्यानं त्यानं आपापल्या हिशेबानं घ्यावेत. मला तो प्रश्न मात्र खरा वाटतो.

तुरुंगाच्या जागेवर 'सांत'आगाता आल कार्चेरे' चर्च आहे. तिथे लाव्हाच्या दगडात पावलांचे ठसे दाखवतात, तिचे म्हणून. मी बराच वेळ पाहत राहिले. आपल्याकडच्या पादुकांची सवय असल्यामुळे असेल, नवल वाटलं नाही.

3 ते 5 फेब्रुवारी उत्सव. एरवी कुलपात असलेली तिची चांदीची मूर्ती (1376 सालची, आत अस्थी) रथात बसते. पांढरे झगे आणि काळ्या मखमली टोप्या घातलेले हजारो लोक दोन लांबलचक दोरखंडांनी तो रथ ओढतात. खाटीक, मासळीवाले, पाववाले अशा धंद्यांचे आपापले 'कांदेलोरे' असतात, नक्षीचे उंच लाकडी मनोरे. खांद्यावर घेऊन डुलत चालतात, आणि बँड वाजला की जास्तच डुलतात. मधूनच कोणीतरी घसा ताणून ओरडतो, "चित्तादीनी!" (नागरिकहो!), आणि गर्दी पांढरे रुमाल हलवत उत्तर देते, "वीवा सांत'आगाता!" म्हणजे संत आगाताचा जयजयकार.

हे प्रेम उगीच नाही. मृत्यूनंतर वर्षभरातच एटना उसळला आणि तिचा पदर पुढे धरताच लाव्हा थांबला, अशी श्रद्धा आहे. 1669 मध्ये मात्र लाव्हा शहरापर्यंत आला, 1693 च्या भूकंपानं उरलंसुरलं पाडलं. तरी पदरावरचा विश्वास गेला नाही. काळ्या लाव्हाच्या दगडांनी पुन्हा बांधलेल्या रस्त्यांवरूनच तिचा रथ आजही फिरतो.

6 तारखेला सकाळी बाहेर पडले तर रस्ताभर मेणबत्त्यांचं मेण आणि त्यावर लाकडाचा भुसा टाकलेला, गाड्या घसरू नयेत म्हणून. एक स्कूटरवाला तरी घसरलाच. उठला, कपडे झटकले, हसला. मी त्याच दुकानात गेले आणि एक मिन्ना घेतली. आत मेंढीच्या दुधाचं रिकोत्ता, आपल्या पनीरपेक्षा मऊ, नि चॉकलेटचे कण. चेरी मात्र मी बाजूला ठेवली.